आठ नंबरची खुर्ची

पर्यवेक्षकांनी चौतीस वर्षं परीक्षा केंद्रात मुलं बसवली. दोन मुलांच्या मधे एक जागा रिकामी, हा नियम. (आयुष्यात तेवढं एकच त्यांना नीट जमलं, हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.) त्यामुळे सिनेमाची तिकिटं काढायला मोबाइलवर खुर्च्यांचा नकाशा उघडला, तेव्हा बोटानं आपोआप सात आणि नऊ नंबर घेतले. आठ मोकळी.

सिनेमा अंतराळाचा होता. भिंतीएवढा पडदा, थरथरणाऱ्या खुर्च्या, डोळ्यांवर घालायचा चष्मा. मुलाला असलं आवडतं, एवढी माहिती त्यांच्याकडे होती. मुलगा सोमवारी घर सोडून चालला होता. त्यानं तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं, तेव्हा हे म्हणाले होते, “नापासांसाठी हे घर नाही.” आता ते वाक्य मागे घ्यायचं होतं. पूर्वी त्यांची वाक्यं मागे घ्यायचं काम बायको करायची, स्वयंपाकघरातून. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

अंधारात बोलायचं, म्हणजे पोराच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, अशी योजना होती.

दिवे मंद झाले आणि बादलीभर पॉपकॉर्न घेऊन एक गृहस्थ आठ नंबरवर येऊन बसला.

“तुम्ही जरा इकडे सरकता का? तो माझा मुलगा आहे.”

“काका, ही बरोब्बर मधली सीट आहे. दोन आठवडे थांबलो हिच्यासाठी.”

पलीकडून मुलगा म्हणाला, “बाबा, शेजारशेजारची का नाही काढलीत?”

“सवय.”

“मी काय कॉपी करणार होतो तुमची?”

मधला मनापासून हसला. पर्यवेक्षकांनी आपल्या चष्म्यावर सिनेमाचा चष्मा चढवला. तो घसरला. यान उडालं, खुर्च्या गदगदल्या.

“त्याला विचारा, नव्या खोलीत पंखा आहे का.”

मधल्यानं विचारलं. “आहे म्हणतात.”

“आणि काम? कामाचं काय करणार?”

हे विचारल्यावर मुलगा मधल्याशी बोलतच सुटला. लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत लागलाय, चार महिने झाले, परवा एकट्यानं मोटर बसवली. मधला “अरे वा” म्हणाला, पॉपकॉर्न पुढे केलं. घरी दीड वर्षात पोरगा एवढं बोलला नव्हता. (चार महिने! बाप समजत होता, पोरगा दिवसभर उनाडक्या करतो. विचारलं कुणी होतं?)

मग पडद्यावर अंतराळवीराची दोरी तुटली. आवाज बंद. सगळीकडे काळोख, आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढा तो माणूस, लांब लांब जाणारा. आत्ता नाही तर कधीच नाही. पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले,

“मी बोललो ते चुकलं. घर तुझंच आहे. जाऊ नकोस.”

त्यांचा डावा कान कामातून गेलेला. कुजबुजायला गेले तरी आवाज वर्गभर पोचायचा. त्या शांततेत तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. तीनशे माणसांना घर मिळालं.

थोड्या वेळानं उत्तर आलं.

“काका, ते बाथरूमला गेलेत.”

पर्यवेक्षकांनी घसरलेला चष्मा पुन्हा वर चढवला.

“आले की सांगू का मी?” मधल्यानं हळूच विचारलं.

“नको. मी सांगतो.”

मुलगा वाकून वाकून परत आला. “काय झालं मधे?”

मधल्यानं पर्यवेक्षकांकडे पाहिलं. पर्यवेक्षकांनी पडद्याकडे.

“काही नाही,” ते म्हणाले. “त्याची दोरी तुटली.”

घरी दोघं जेवायला बसले, टेबलाच्या दोन टोकांना. मधली खुर्ची बायकोची. मुलानं ताटात बघत विचारलं, “सोमवारी सहाला उठवाल?”

“उठवतो.”

पर्यवेक्षक मधल्या खुर्चीकडे बघत होते. त्या पॉपकॉर्नवाल्या गृहस्थाचा फोन नंबर घेऊन ठेवायला हवा होता, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.