शिखरापर्यंत तोंड बंद

"शिखरापर्यंत कुणावर ओरडलो तर नाव बदलीन!" बर्फात पाय रुतू नयेत म्हणून चढवलेल्या पसरट स्नोशूंचे पट्टे आवळत रेझाँ गोबेयनं जाहीर केलं.

"नाव राहू दे," गिस्लेन म्हणाली. "ओरडलास तर लग्न विसर."

बिचाऱ्यानं कितीदा तरी मागणी घातल्यावर तिनं ही एकच अट घातली होती. तसा माणूस सोन्यासारखा! पण स्नोशूंनी दाबून सपाट केलेल्या वाटेवर कुणी नुसत्या बुटांनी भोकं पाडली, की याचं डोकं फिरायचं. गावच्या पाद्र्यालाही त्यानं सोडलं नव्हतं.

अर्ध्या चढावर भोकं दिसलीच. गुडघाभर खोल!

"कुठला हा..." रेझाँनं तोंड उघडलं. गिस्लेननं चटकन त्यात मेपलच्या साखरेची वडी कोंबली.

"ढांग केवढी लांब बघ," ती म्हणाली.

"दोघं आहेत," रेझाँ चघळत पुटपुटला. "मॉन्ट्रियलचे शहरी असणार. दोघंही निर्ल..."

दुसरी वडी! मग प्रत्येक वळणावर भोकं आणि प्रत्येक भोकाला वडी. शिखर आलं तेव्हा वड्यांची पिशवी रिकामी होती.

वर दाट धुकं. रेझाँच्या चष्म्यावर वाफ. आणि समोर, भोकांच्या शेवटी, पाठमोरा एक भलामोठा तपकिरी कोट!

रेझाँचा बांध फुटला. "ओ महाशय! एवढं धिप्पाड शरीर आणि पायात स्नोशू नाहीत? लाज वाटते का? आईनं हेच शिकवलं?"

कोटानं मान वळवली. कोटाला हातभर नाक होतं, वर दोन लांब कान. घोड्याहून उंच मूस जातीची हरिणी! ती एक पाऊल पुढे आली.

"माफ करा, मॅडम!" म्हणत रेझाँ पळाला. एक स्नोशू झुडपात अडकला, तो तिथंच राहिला. मूस त्यावर निवांत उभी राहिली.

उतरताना रेझाँचा एक पाय सपाट पडे, दुसरा गुडघाभर आत जाई. वर येणारा प्रत्येक जण त्याला झापत होता. "काका, या वयात तरी जरा अक्कल!" रेझाँ मान खाली घालून ऐकत होता. त्याला अगदी रडू येत होतं.

"गिस्लेन," त्यानं शेवटी विचारलं, "मूसवर ओरडलेलं धरायचं का गं?"

गिस्लेननं थोडा विचार केला. "मूस काही माणूस नव्हे. जा, माझा होकार!"

रेझाँनं आनंदानं उडी मारली आणि मांडीपर्यंत रुतला.

"अरे मेल्या, कडेनं चाल की!" गिस्लेन कडाडली. "अख्ख्या वाटेची चाळण केलीस! लाज वाटते का?"

रेझाँनं घाईघाईनं खिसे चाचपले. वडी एकही उरली नव्हती.