दसऱ्याला पुजलेला मोबाईल

दसऱ्याच्या सकाळी कोयता, फावडं, फवारणीचा पंप आणि आमच्या ह्यांची स्कूटर यांच्या रांगेत मी माझा मोबाईल मांडला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

मोबाईल कशाला, असं तुम्ही विचाराल. मी शाळा पाहिलेली नाही. माहेरी दसऱ्याला भावांच्या पाट्या पूजेत असायच्या, त्यांवर सरस्वती काढलेली. झेंडूची फुलं आणायचं काम माझं. (पाटीला हात लावला तर धपाटाही माझाच.) मग या वयात मला अर्चना भेटली, माझी सून. तिचे वडील घाटावरून तारापूरला कारखान्यात आले नि इथलेच झाले. तिने मला अक्षरं शिकवायला घेतली.

आधी ती समोर बसून शिकवायची. पण सुनेनं समोर बसून चूक काढली की माझ्या जिवाला लागायचं. मी पाटी ढकलून उठायची. एकदा ती माहेरी गेली आणि तिथून मोबाईलवर शिकवलंन, तर मला अजिबात राग आला नाही! डब्यातून आवाज येतो, त्यावर काय रागवायचं? तेव्हापासून आमची शाळा तशीच. ती मागच्या पडवीत, मी पुढच्या ओटीवर, मध्ये सगळं घर आणि दोघींच्या हातात मोबाईल. हे म्हणायचे, "अगं, हाक मारली तरी आयकू येईल."

तर ज्याच्यावर शिकले ती माझी पाटी. आयुष्यात पहिल्यांदा पूजेत माझी स्वतःची पाटी! मी हात आखडता घेतला नाही. काचेवर हळद, मधोमध कुंकू, वर अक्षता, नैवेद्याला गूळखोबरं. आणि आमच्याकडे मांडलेली पूजा दुसऱ्या दिवसापर्यंत हलवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अर्चनाची परीक्षा होती. मोठ्या माणसांना मोबाईलवरून लिहावाचायला शिकवायचा कोर्स केलान तिने. पास झाली तर बोईसरला कारखान्यातल्या बायकांचा वर्ग तिला मिळणार होता. या नोकरीसाठी ती किती झुरत होती ते मी बघत होते. परीक्षाही अशी, की तिने पालघरला साहेबांसमोर बसून, घरी बसलेल्या विद्यार्थ्याला मोबाईलवरून शिकवून दाखवायचं. विद्यार्थी म्हणजे मी.

सकाळी निघताना तिने विचारलं, "आई, फोन चार्ज आहे ना?"

"हाय हाय," मी म्हटलं. (देवाजवळ होता. तिथे काय कमी पडणार?)

ती गेल्यावर मी पूजा उचलली. मोबाईल हाताला चिकटला. गुळाला मुंग्या लागलेल्या, आणि चार्जर आत जाईना. भोकात अक्षतेचा तांदूळ! हार ओवायच्या सुईने तो काढते आहे, तेवढ्यात अर्चनाचा फोन आला.

काचेत सून दिसली, नाकावर भलं मोठं कुंकू. तिच्या शेजारी साहेब. ते माझ्याकडे बघून दचकले.

"मॅडम, तुमच्या सासूबाईंना कावीळ झालीय का?"

"नाही सर," अर्चना म्हणाली. मग हळूच, "आई, काच पुसा."

"पुसू कशी? कुंकू हाय त्याच्यावर."

"माहितीय. तेच पुसा."

"पोरी, काय बोलतेस तू!"

"अहो आई, वेळ जातोय. पुसा ना ते कुंकू!"

माझा मोबाईल मोठ्या आवाजावर असतो. कुंपणापलीकडे शेजारची बायडी फुलं खुडत होती. तिच्या हातातली टोपली पडली.

"अगो बाय! काय झालं गं? शांतारामदादा आताच तर चा पिऊन वाडीत गेले!"

आणि तोवर हे स्वतःच ओटीवर आले. "कोण सांगते कुंकू पुसायला? मी जिता हाय अजून!"

साहेब वहीत काहीतरी लिहायला लागले. अर्चनाचा चेहरा पडला. पोरीची नोकरी माझ्या पूजेत बुडणार! तरी हात काही पुढे होईना. कुंकू पुसायचं म्हणजे काय खेळ आहे?

अर्चना शांतपणे म्हणाली, "आई, तुम्ही रोज देवाला काय करता?"

"आंघोळ घालते."

"मग याला पण घाला. ओल्या फडक्यानं, नीट."

असं सांगायचं की गं आधी! मी फडकं ओलं केलं आणि मोबाईलला स्नान घातलं. साहेब स्वच्छ दिसू लागले, फक्त त्यांच्या टकलावरून एक मुंगी चालली होती.

"साहेब, डोक्यावर मुंगी!" मी ओरडले. साहेबांनी फाडकन स्वतःच्या टकलावर चापट मारली. मुंगी माझ्या काचेवरून खाली उतरून निघून गेली.

मग अर्चनाने मोठ्या अक्षरातला कागद समोर धरला. मी वाचलं, "आज दु-पा-री वीज जाणार आहे." आणि म्हटलं, "कोण बोलला? परवाच गेलेली."

"आजी, फक्त वाचा," साहेब म्हणाले.

"चिकू पि-क-ले की गोड लागतो."

"लागतात," अर्चना म्हणाली. "परत वाचा, आई."

"मी घरी चिकू पिकवते, मला सांगते?" असं मी म्हणालेच. पण परत वाचलं. ती हसली, पुढचा कागद धरला, तिसऱ्यालाही मी भांडले, तरी तिचा आवाज चढला नाही. शेवटचं वाक्य संपलं आणि मोबाईलने मान टाकली.

अर्चना पास झाली. आता रोज बोईसरला जाते. रात्री जेवताना मी तिच्या ताटात पहिली भाकरी वाढते, याहून जास्त आभार मला मानता येत नाहीत. ज्या घरात मला कोणी पाटी धरू दिली नाही, ते माहेर. आणि जिथे सुनेनं ती हातात दिली, ते सासर. मोबाईलचेही आभार. गुळाने चिकटलेलं बटण अजून जरा अडतं, पण चालतो.

निकाल माझ्याच मोबाईलवर आला होता. बायडी, शेजारपाजार, हे, सगळे ओटीवर जमले. अर्चना म्हणाली, "आई, तुम्हीच वाचा." मी चष्मा लावला आणि चारचौघांत, कोणाच्या मदतीशिवाय, एकेक शब्द खणखणीत वाचला:

"शिक्षिका उत्तीर्ण. विद्यार्थिनी अतिशय हट्टी असून प्रत्येक वाक्यावर वाद घालते. अशा विद्यार्थिनीसमोरही शिक्षिकेचा संयम ढळला नाही. नोकरीसाठी शिफारस."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक अक्षर चुकलं नव्हतं! आनंदाने माझे डोळे भरले. मग काय वाचलं ते हळूहळू डोक्यात शिरलं.

"परत वाच गं," बायडी म्हणाली, "मला नीट आयकू नाय आलं."

आणि आमचे हे सुपारी कातरत म्हणाले, "एवढी वरसं मी तोंडी सांगत होतो. आता लेखी आलं."