डगळ्यांच्या गावचं हवामान

आमच्या शेजारच्या गायकवाड मामांच्या काखेत मे महिन्यातही रेनकोट असतो. त्या दिवसांत दौंडला रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, कुत्री गटारात बसून राहतात, आणि मामा निळ्या रेनकोटाची घडी काखेत मारून भाजीला निघतात. कुणी हसलं की आभाळाकडे बोट करतात. "वेदरचा भरवसा न्हाई. मिन्टात फिरतं."

दौंडचं वेदर मिनिटात काय, आठ-आठ महिने फिरत नाही. पण मामा सहा महिने स्कॉटलंडला राहून आलेत, आणि त्यांच्या लेखी ते सहा महिने अजून संपलेले नाहीत.

मामा रेल्वेत गँगमन होते. रूळ ठोकण्यात आयुष्य गेलं. मामी वारल्या, तेव्हा मुलगा विजय त्यांना आपल्याकडे, अबर्डीनला घेऊन गेला. "उन्हाळा आहे, स्वेटर नको," असं त्यानं बजावलं होतं. मामा विमानातून उतरले ते दात वाजवतच. पहिला आठवडा तर अर्धपोटी गेला. दिवेलागण झाल्याशिवाय जेवायचं नाही हा त्यांचा नेम, आणि तिथं रात्रीचे दहा वाजले तरी दिवस मावळेना. "सूर्य ओव्हरटाइम करत हुता," मामा सांगतात. "आन् हिकडं माझ्या पोटात कावळं."

मुलगा-सून कामावर गेले की मामा परसातल्या कुंपणाशी जाऊन उभे राहत. पलीकडे डग्लस नावाचे एकटे म्हातारे राहायचे. मामा त्यांना डगळे म्हणतात, जणू श्रीगोंद्याकडचे पाहुणेच. डगळे आपल्या भाषेत हवामान सांगायचे, मामा आपल्या. तिथल्या माणसांचं इंग्रजी असं काही चावून येतं, की विजयलासुद्धा दर वाक्याला "सॉरी?" म्हणावं लागे. मामांना मात्र अडचण आली नाही.

"पण मामा, तुम्हाला इंग्रजी येतं का?" मी एकदा विचारलं.

"न्हाई ना! थोडं येत असतं तर घोटाळा झाला असता. अजाबात येत न्हाई, म्हनून समदं कळलं."

घरात जाताना डगळे रोज हात वर करून "जै बीम" म्हणायचे. हे सांगताना मामांची मान अजून ताठ होते.

मामा परत आले, आणि कुंपणाच्या जागी आमच्या दोन घरांमधली भिंत आली, डगळ्यांच्या जागी मी. मी केडगावच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. सकाळी गाडी गाठायची घाई असते आणि नेमके तेव्हाच मामा भिंतीशी येतात.

"मास्तर, आज ऊन हाय."

"कालही होतं, मामा."

"व्हय. पन आज जादा हाय."

एवढं बोलून ते थांबतात. मी काहीतरी बोलावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी बुटाच्या नाड्या बांधत असतो.

रविवारी दुपारी दोनला मामांचा अबर्डीनला डगळ्यांना फोन. स्पीकर चालू, आवाज टिपेला, माझ्या झोपेचं खोबरं. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या मला डगळ्यांच्या बोलण्यातला 'रेन' तेवढा कळायचा. मामा खुशीत "व्हय, व्हय" करायचे. मध्येच मालगाडी आली की फोन खिडकीबाहेर धरायचे. मग डगळे तिकडून कसल्याशा समुद्रपाखरांचा कलकलाट ऐकवायचे. अर्धा तास हे चाले, आणि मी डोक्यावर उशी घेऊन दोघांनाही शिव्या घालत पडून असे.

यंदा होळीनंतर तीन रविवार तो फोन नुसता वाजत राहिला. मामा पुन्हा पुन्हा लावत. भिंतीपलीकडून रिंग ऐकू येई, आणि तो अर्ध्या तासाचा गोंगाट नसूनही मला झोप लागेना. शेवटी विजयनं चौकशी करून कळवलं. डगळे घरात पाय घसरून पडले होते. मुलीनं त्यांना दूरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं आणि घराला कुलूप लावलं होतं. फोन आतच राहिला. पत्ता तेवढा मिळाला.

दुसऱ्या दिवशी मामा भिंतीशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मला गाडी आरामात मिळाली, आणि शाळेत दिवसभर चैन पडलं नाही. या माणसाला बोलायला जगात एकच जण उरला होता, तोही सात समुद्रांपलीकडे. मी हाताच्या अंतरावर होतो. मला माझीच लाज वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी मामा दारात उभे. काखेत रेनकोट, हातात पाकीट.

"मास्तर, ह्याच्यावर पत्ता इंग्लिशमधी टाका. टपालवाल्यांना वाचाया लागंल."

मी गाडीचा विचार सोडला आणि त्यांना खुर्ची दिली. "मामा, पत्रही इंग्रजीत लिहून देतो ना. आठवण येते, तब्येतीला जपा, असं छान लिहू."

"नगं. त्याला वाटंल, दुसऱ्याच कुनी धाडलंय."

"पण मराठी त्यांना वाचता कसं येणार?"

"वाचायचं कशाला? मी काय लिव्हनार, त्याला म्हाईत हाय."

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. मोठ्या अक्षरांत वर दोनच ओळी होत्या. 'जय भीम डगळे. आज ऊन हाय. तिकडं?'

खाली अख्खा कागद कोरा होता.

"एवढी जागा कशाला सोडली, मामा?"

"त्यो बी लिव्हंल की कायतरी," मामा म्हणाले. "त्याच्याकडं कागद असंल, नसंल."