तहानेला ओटा

जुनं काँक्रीट फोडायला बसला की मल्लप्पा आधी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचा.

"मरताना तोंडात पानी घालत्यात की, सायेब. ह्येला काय जीव न्हाय?"

मग गुडघ्यांवर बसून काँक्रीटला कान लावायचा आणि काम आमच्या गल्लीत असलं की समोरच्या घरात माग चालवणाऱ्या नरसम्माला हाक मारायचा, "अक्का, माग थांबवा जरा. ऐकू येईना!"

नरसम्मा माग चालू ठेवूनच ओरडायची, "माजी चादर कोन विननार मग? तुज्या फरशीलाच सांग, मोठ्यानं बोल म्हनून!"

घण, पहार आणि चार छिन्न्या एवढंच त्याचं सामान. छिन्न्यांना नावं होती: गंगव्वा, निंगव्वा, बसव्वा, शिवव्वा. अक्कलकोटकडच्या त्याच्या चार मेहुण्यांची. छिन्न्या एका ओळीत रोवायच्या आणि आळीपाळीनं प्रत्येकीवर एकेकच घाव घालायचा. "एकीलाच जास्त दिला की बाकीच्या रुसत्यात." एकदा खरी निंगव्वा बहिणीकडे आली होती. अंगणातून तिला ऐकू आलं, "निंगव्वा, तुजं डोस्कं लई बोथट झालंय, घासाय पायजे." ती चहा न घेताच एस.टी.ला गेली.

कुणी घाई केली तर मल्लप्पा म्हणायचा, "बांधनाऱ्यानं घाई केली, म्हनून तर मी हितं बसलोय." फुटलेला तुकडा तो बोटांत चुरडायचा, हुंगायचा आणि निकाल द्यायचा. वाळू धुतली न्हाय. सिमिट चोरलंय. त्याचा निकाल कधी चुकला नाही. म्हणूनच मला त्याची भीती वाटायची.

आज पन्नाशीला टेकलोय, तेव्हा सांगून टाकतो. मल्लप्पा मुळात फोडणारा नव्हता, गवंडी होता. आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीचा ओटा दुष्काळाच्या साली त्यानंच बांधला. मी ठेकेदाराचा सुपरवायझर. ताजं काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून ओट्यावर मारायला दिवसाआड दोन पिंपं पाणी यायचं. माझ्या बायकोला नुकतीच मुलगी झालेली, घरात प्यायलाही पाणी नाही. ती पिंपं मी घरी नेली. एकदा नाही, ओटा वाळेपर्यंत. वर्षभरात ओट्याला भेगा पडल्या. ठेकेदारानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मिस्त्रीनं माल कच्चा कालवला." त्यानंतर शहरात मल्लप्पाला कुणी थापी हातात घेऊ दिली नाही. फोडायची कामं तेवढी मिळायची.

चार-पाच वर्षांनी तोच ओटा फोडायचं ठरलं. ठेकेदारानं फोडायला मल्लप्पालाच बोलावलं आणि देखरेखीला मला उभं केलं. त्या दिवशी मल्लप्पानं तांब्या बाजूला ठेवला आणि दोन बादल्या ओतल्या. पाणी भेगांत झरकन शिरलं. कान न लावताच तो म्हणाला, "ह्यो तहानेलाच गेला."

नरसम्माचा माग नेमका तेव्हाच थांबला होता. मी म्हणालो, "मल्लप्पा, त्याचं पाणी मी नेलं होतं."

तो बसव्वा रोवत होता. वर न बघताच बोलला, "ठावं हाय की."

"कसं?"

"अख्ख्या गल्लीत मानसं तोंड धुवाय पानी मोजून घेत हुती. आन् तुमच्या दोरीवर रोज धा लंगोट वाळत हुते."

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तुमी पिंपं परत आनली असती. बारीक पोर बिनअंगुळीची ऱ्हायली असती." त्यानं घण उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "पन सायेब, माल कच्चा म्हनायला नगो हुतं. माल चांगला हुता."

मला तोंड वर करवेना. खाली त्याची पिशवी उघडी पडली होती. घणाच्या दांड्याशेजारी फडक्यात गुंडाळलेली थापी होती. तेल लावून ठेवलेली, गंजाचा ठिपकाही नसलेली.

त्याच दुपारी मी ठेकेदाराकडे गेलो. तो मला काय काय बोलला, ते सोडा. नवा ओटा मात्र मल्लप्पानंच बांधला. कडा घोटून झाल्यावर तो म्हणाला, "आता पानी तुमी मारायचं." पुढचे पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मी बादल्या वाहिल्या, ओट्यावर अंथरलेली पोती भिजवली. नरसम्मा माग थांबवून बघत बसायची.

रोज संध्याकाळी मल्लप्पा यायचा. पोतं उचलून ओट्यावर पालथा हात ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग पोतं पुन्हा नीट पसरून घरी जायचा. पंधराव्या दिवशी हात काढून धोतराला पुसला.

"प्यालाय पोटभर," तो म्हणाला. "पोरगी कितवीत हाय आता?"