काबुली चण्यांचा कॅसिनो

सुमनताई काबुली चण्यांवर रमी खेळतात. पूर्वी चिंचोक्यांवर खेळत. पण एकदा पुण्याहून येताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्यांची चिंचोक्यांची पिशवी काढून घेतली, कारण न्यूझीलंडमध्ये बी-बियाणं आणायला बंदी. "मी पेरणार नाहीये, हरणार आहे," असं त्यांनी त्याला समजावून पाहिलं. त्याला पटलं नाही. तेव्हापासून चणे.

जॉन्सनव्हिलच्या त्यांच्या घरी दर शनिवारी दुपारी आम्ही चौघे जमतो: त्या, आयटीतला नंदू, त्याची नर्स बायको वैशाली आणि मी. पूर्वी माझ्या जागी नलिनी, माझी पत्नी, खेळायची आणि मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचो. नलिनी गेली आणि मी जाणं सोडलं. महिन्याभराने सुमनताई दारात उभ्या. "डाव अर्धा टाकून उठायचं नसतं. तिच्या जागी बसा." नलिनीची खुर्ची मात्र त्यांनी समोरून उचलून स्वतःच्या डाव्या हाताला आणली. म्हणाल्या, "तिकडे ऊन लागतं." वेलिंग्टनमध्ये उन्हाची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्यांच्याकडचा नियम असा: जिंकलेले चणे रात्री भिजत पडतात आणि रविवारी त्यांचे छोले डब्यातून जिंकणाऱ्याच्या घरी येतात. नलिनीनंतर लोकांनी पाठवलेले डबे मी आभार मानून परत केले होते. कीव मला गिळवत नाही. पण हे तर मी जिंकलेलं होतं. वर्षभर मीच बहुतेक वेळा जिंकत होतो. इतक्या वाचनाचा कुठेतरी उपयोग होणारच, असं मला वाटे.

अशात स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेवर मोठं हॉटेल आणि त्यात कॅसिनो असा प्रस्ताव आला. नवीन कॅसिनोला कायदा परवानगी देत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. बिल्डरचं म्हणणं, कायदे बदलतात.

"काकू, तिथे बुफे असतो म्हणे," नंदू म्हणाला. "तुमच्या चण्यांना कोण विचारणार आता?"

"जा की. चहात आलं घालतात का, तेवढं विचारून ये."

पण पुढच्या शनिवारी चहाबरोबर बटाटेवडे आले. त्यानंतर वडे आणि शिरा. मग प्रत्येक खुर्चीवर नवी उशी आली. "इतका वेळ बसून पाठ आखडते तुमची," त्या म्हणाल्या. आमच्यापैकी कोणाची पाठ कधी आखडली नव्हती. दर डावानंतर विचारू लागल्या, "पुढच्या शनिवारी आहात ना सगळे?"

प्रस्तावावर लोकांचं म्हणणं ऐकायला हॉलमध्ये सभा भरली. बाकीचे पार्किंग आणि ट्रॅफिकवर बोलले. सुमनताई "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून उभ्या राहिल्या आणि आपल्या ठणठणीत पुणेरी इंग्रजीत म्हणाल्या, "मीसुद्धा जुगाराचा अड्डा चालवते."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"तुमच्याकडे शेवटी मालक जिंकतो. माझ्याकडे दर शनिवारी मालकीण हरते. नेमक्या माणसापुढे नेमकं पान टाकून हरायला अक्कल लागते. ती आहे तुमच्याकडे?"

लोक हसले, टाळ्या पडल्या. "स्वीट ॲझ, काकू," नंदू इथल्या पोरांसारखं 'एकदम भारी' म्हणून ओरडला. मी टाळी वाजवली नाही. मला ती उन्हातून हलवलेली खुर्ची आठवत होती. रमीत डाव्या हाताच्या माणसालाच आपलं टाकलेलं पान उचलता येतं.

प्रस्तावातून आधी कॅसिनो गेला, मग हॉटेलही. त्या जागेवर अजून गवतच आहे.

नंतरच्या लाँग वीकेंडला नंदू-वैशाली फिरायला गेले. मी पोचलो तेव्हा टेबलावर तरीही चार कप मांडलेले होते. आम्ही दोघेच खेळायला बसलो. माझ्या हातात बदामचा राजा आणि गुलाम. सुमनताईंनी बदामची राणी टाकली. मी ती उचलली नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

मघाशी त्यांनी चौकटची अठ्ठी घेतली होती. मी माझा लागलेला सिक्वेन्स मोडून चौकटची सत्ती टाकली.

"उचला की," मी म्हणालो.

"मला नको."

"तुम्हाला हवी आहे."

"मग छोले कोण करणार?"

"मी. पुस्तकात बघून."

"पुस्तकात बघून," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या आणि मग सत्ती उचलली.

रविवारी मी नलिनीच्या स्टीलच्या डब्यातून छोले घेऊन गेलो. त्यांनी ओट्यापाशी उभ्यानेच झाकण काढलं आणि चमच्याने खायला लागल्या. "मीठ कमी आहे. सोडा जास्त आहे," म्हणाल्या, आणि डबा खरवडून संपवला.

मी डब्यासाठी हात पुढे केला.

"रिकामा डबा परत देतात का कधी? राहू दे. शनिवारी भरून देते."

मी बरं म्हटलं. त्या दारापर्यंत सोडायला आल्या. मी फाटकाशी पोचलो तरी दार लावल्याचा आवाज आला नाही, म्हणून वळून पाहिलं. त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या, रिकामा डबा पोटाशी धरून.

"याल ना?"