बर्मा, घाना आणि आमचं दार

कुणाच्याही घरात शिरण्याआधी बबनमिस्त्री दारावर दोनदा बोटं वाजवतात. दार सताड उघडं असलं तरी वाजवतात. मग कान देतात आणि लाकूड कुठल्या देशाचं ते सांगतात. "घाना." किंवा नाक मुरडून, "भुसा." भुसा म्हणजे प्लायवूड. जुन्नरच्या एका साखरपुड्यात त्यांनी मुलीकडच्यांचं दार चारचौघांत भुसा ठरवलं, तेव्हा लग्न मोडता मोडता राहिलं होतं.

मिस्त्री शिनोलीचे सुतार. त्यांच्या शेडच्या भिंतीवर खुंट्यांच्या दोन ओळी आहेत. वरची बर्म्याची, खालची घानाची. दर दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की, त्या वर्षी कोणत्या देशातून किती साग आपल्याकडे आला ते मी मोबाइलवर शोधून वाचायचं आणि त्यांनी त्या मापाच्या दोन खुंट्या ठोकायच्या. मी घोडेगावचा प्राथमिक शिक्षक. हे काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते मलाही ठाऊक नाही. बर्म्याच्या खुंट्या आखूड होत गेल्या, घानाच्या लांबल्या. बर्म्याचे ओंडके यायचे बंद झाल्यावर मिस्त्रींनी वरच्या ओळीत नुसतं भोक पाडलं आणि तसंच सोडलं.

"बर्मा आटला, राव," म्हणाले, आणि मला सोनं द्यायचंही विसरले.

आमच्या दारावरही ते बोटं वाजवतात, पण देश सांगत नाहीत. खाली मान घालून आत येतात आणि चहा मागतात. दार त्यांनीच केलेलं, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घर बांधलं तेव्हा आई, जन्मभर नर्सचं काम केलेली, फार आजारी होती. तिला नव्या घरात न्यायची मला घाई. म्हटलं, मिस्त्री, मिळेल ते लाकूड लावा. "घानाचं पडलंय," ते म्हणाले आणि आठवड्यात दार बसवून गेले. आई सावरली. पुढं सहा वर्षं त्या दारात बसून तिनं भाजी निवडली.

यंदा नवी फरशी घातली, दार खाली घासू लागलं. मिस्त्री परगावी गेले होते, म्हणून त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या रामभाऊंना बोलावलं. त्यांनी रंधा मारला, ढलपी नाकाशी नेली आणि थांबले.

"गुरुजी, ह्यो बर्मा हाय. मिस्त्रींनी ह्या फळ्या पोरीच्या घरासाठी जपल्या व्हत्या. आमाला हातसुद्धा लावू देत नव्हते!"

मिस्त्रींची मुलगी जुन्नरला असते. तिच्या दाराला भुसा आहे.

मिस्त्री परतले त्याच दिवशी मी शिनोलीला गेलो. "आमचं दार कुठलं?" विचारलं.

त्यांनी पटाशी धार लावायला घेतली.

"माजी पोर जन्मली तवा आडवी व्हती. तुमच्या आईनं, नर्सबाईंनी, रातभर बसून दोघींना वाचवलं. पोरीला इचारूनच दिल्या फळ्या."

"मग सांगायचं तरी!"

"दरवेळी घाना म्हणलं तर लाकडाचा अपमान. बर्मा म्हणलं तर तुमी पाया पडायला येनार. म्हणून आपलं गप."

मी वाकलो.

"बघा, हेच म्हणत व्हतो," असं पुटपुटत मिस्त्रींनी पाय मागं घेतले आणि भुसा झटकायच्या निमित्तानं डोळे पुसले.