परकारांचा फ्रान्स

आमच्या प्रयोगशाळेचे स्टोअरकीपर उस्मान परकार यांच्या मते फ्रान्समध्ये आधी सम्राट हरला, मग तो सम्राट झाला, मग क्रांती झाली आणि सगळ्यांत शेवटी राजा गादीवर बसला. हा क्रम ते इतक्या शांतपणे सांगत, की ऐकणाऱ्याला आपल्याच शिक्षणाबद्दल शंका यावी. मला आली होती.

दुबईतल्या अल कुसैस भागात, पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते. पुण्याहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आले होते आणि तीन वर्षांत विभागप्रमुख होण्याचा आराखडा विमानातच तयार झाला होता. पहिल्याच दिवशी पिपेट हवी म्हणून स्टोअरमध्ये गेले, तर एक पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, टेपरेकॉर्डरसमोर ताठ बसून बोलत होते.

"तर जमू, तोफवाले शंभर दिवसांच्या लीव्हवर परत आले. लोकांनी हारबीर घातले. मग मोठी लढाई झाली, व्हिसा कॅन्सल. खलास."

मला पाहून त्यांनी बटण दाबलं आणि विचारलं, "पिपेट? किती एमएल?"

तोफवाले म्हणजे फ्रान्सचा सम्राट, हे कळायला मला आठवडा लागला. फ्रेंच नावं परकारांच्या तोंडात बसत नसत, म्हणून त्यांनी सगळ्यांना हुद्दे देऊन टाकले होते. सम्राट तोफखान्यातून वर चढलेला, म्हणून तोफवाले. राजा म्हणजे 'मोठे कफील'. इकडे ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो, त्या मालकाला कफील म्हणतात. संपूर्ण देशाचा व्हिसा ज्याच्या हातात, तो मोठा. राणी नुसतीच 'मॅडम'.

हा सगळा खटाटोप जमीलासाठी होता. जमीला ही परकारांची मुलगी, रत्नागिरीजवळच्या गावी आईबरोबर राहणारी. दहावीला ती बाकी सगळ्या विषयांत पास झाली आणि इतिहासात गेली. ऑक्टोबरच्या परीक्षेत तो एक विषय सुटला, तर पुढे कॉलेज. नाही तर घरी बसणं. परकार स्वतः नववी शिकलेले, पण त्यांनी इतिहासाची जबाबदारी अंगावर घेतली. शुक्रवारच्या फोनवर तीन मिनिटं मिळत, त्यांत "जेवलीस का, आईचं औषध आणलंस का" एवढंच होई. म्हणून जेवणाच्या सुट्टीत कॅसेट भरायची आणि गावाकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची. उत्तराची कॅसेट तशीच उलट वाटेने येई.

गोंधळाचं मूळही याच वाटेत होतं. धड्याची झेरॉक्स पानं परकारीणबाईंनी मिळेल त्या माणसाबरोबर पाठवली होती. शेवटची चार पानं उम्म अल कुवैनला कामाला असलेल्या एका गाववाल्याबरोबर सगळ्यांत आधी आली. मधली पानं बर दुबईतल्या एका कापडदुकानातल्या माणसाने आणली. त्यांत सुकट बांधलेली होती आणि क्रांतीला शेवटपर्यंत तो वास राहिला. पहिली पानं चार महिन्यांनी पोचली. झेरॉक्सवाल्याने खालची कड कापल्यामुळे एकाही पानावर आकडा नव्हता. परकारांनी पानं आली तशी लावली आणि आली तशी शिकवली.

त्यांच्या स्टोअरची मांडणीही तशीच होती. पिपेटच्या शेजारी झाडू, झाडूच्या शेजारी गाळणकागद, कारण ते त्या क्रमाने आले. मी वर्णानुक्रमाने यादी करून दिली. त्यांनी ती चौकटीत बसवून भिंतीवर लावली आणि मांडणीला हात लावला नाही.

"जे आधी आलं, त्याचा मान आधी," ते म्हणाले. "माणूस उशिरा आला म्हणून त्याला पुढे घ्यायचं? ही नाइन्साफी आहे, बाय."

रत्नागिरीकडे मुलीला 'बाय' म्हणतात. संपूर्ण प्रयोगशाळेत मला 'मिस' न म्हणणारे ते एकटेच.

हळूहळू मी जेवणाचा डबा स्टोअरमध्ये नेऊ लागले. चुका मोजायला, असं मी स्वतःला सांगत असे. चुका भरपूर होत्या. अडचण अशी, की त्यांच्यामधून अधूनमधून पटणारं काहीतरी निघे. राजा वेष बदलून कुटुंबासह पळाला आणि सरहद्दीच्या अलीकडे पकडला गेला, हा भाग परकार फार मनापासून सांगत. "पासपोर्ट दुसऱ्याच्या नावाचा. गाडीत सामान एवढं, जणू पाच वर्षांनी घरी चाललाय. आणि तोंड कुठे छापलेलं? नोटेवर! प्रत्येकाच्या खिशात तुझा फोटो, तू लपणार कुठे, हबीबी?"

क्रांतिकारकांनी सात दिवसांचा आठवडा मोडून दहा दिवसांचा केला, हे वाचून मात्र ते दोन दिवस अस्वस्थ होते. त्यांनी पान उलटसुलट केलं, मला वाचायला लावलं.

"म्हणजे सुट्टी दहाव्या दिवशी?"

मी म्हटलं, तसंच लिहिलंय.

"मग ही क्रांती कामगारांची नाही. ही फोरमनची आहे."

आणि राज्याभिषेक. सम्राटाने धर्मगुरूला एवढ्या लांबून बोलावलं आणि मुकुट स्वतःच्याच हाताने डोक्यावर ठेवला, यावर परकारांनी संपूर्ण एक बाजू भरली होती. स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर स्वतःच टाइप करायचं, स्वतःच सही करायची आणि मॅनेजरला फक्त साक्षीदार म्हणून उभं करायचं. त्यांच्या तेरा वर्षांच्या नोकरीत असं धाडस एका माणसाने केलं होतं, आणि त्याला दुसऱ्याच दिवशी विमानात बसवलं होतं.

प्रत्येक भागाच्या शेवटी ते टेपरेकॉर्डरला विचारत, "समजलं का, जमू? गोंधळ झाला? व्हायलाच पाहिजे." मग समाधानाने बटण बंद.

मला हे सहन होईना. एका मुलीचं कॉलेज या क्रमावर अडलंय आणि तिचा बाप तिला हरलेल्या सम्राटापासून सुरुवात करून देतोय. परीक्षा नक्की कधी, असं मी दोनतीनदा विचारलं. "येतेय," ते म्हणत. "परीक्षा काय, येतच असते." शेवटी एका शुक्रवारी मी आलेखाच्या कागदावर तक्ता काढला. डावीकडे राजेशाही, मग रिकामी तिजोरी आणि महाग पाव, मग क्रांती, राजाचं मुंडकं, प्रजासत्ताक, दहशत, पाच जणांचं सरकार, तीन जणांचं सरकार, एका जणाचं सरकार, साम्राज्य. चार रंग, बाणांसह. शनिवारी त्यांच्यासमोर ठेवला.

परकारांनी चष्मा लावून तो पाहिला. बोट पहिल्या बाणावरून शेवटच्या बाणापर्यंत नेलं. त्याला फार तर अर्धं मिनिट लागलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. एवढंच आहे."

"मस्त केलंयस," ते म्हणाले, आणि घडी घालून खिशात ठेवला. आवाज मात्र असा होता, की मी त्यांचं काहीतरी फोडलं असावं. पुढच्या सोमवारी ते टेपरेकॉर्डरला सांगत होते, की राजाचं मुंडकं उडालं ते तोफवाल्यांच्या लग्नानंतर. मी डबा घेऊन माझ्या टेबलाकडे परत गेले आणि पंधरा दिवस स्टोअरमध्ये फक्त कामापुरती गेले.

त्या वर्षी रजेवर निघाले तेव्हा चिपळूणला मामांकडे एक लग्न होतं. परकारांनी अपेक्षेप्रमाणे कॅसेट हातात ठेवली. पोस्टाने पाठवू नकोस, हातात दे, एवढंच म्हणाले. मीही मनात ठरवलं, की त्या मुलीला समोर बसवून दोन तासांत खरा क्रम शिकवायचा.

तिथून जमीलाच्या गावाला एस.टी.ने अडीच तास, पुढे पायी. दार उघडलं ते एका उंच मुलीने. हातात जर्नल, बोटांवर आयोडीनचे डाग. ते डाग मी कुठेही ओळखते.

"तू जमीला? काय शिकतेस?"

"बी.एस्सी. दुसरं वर्ष. केमिस्ट्री घेतलंय."

मी पायरीवरच हिशेब केला आणि तो जुळेना. मग तिने आत नेलं. कपाटाच्या एका खणात कॅसेट होत्या, पन्नासेक तरी. प्रत्येकीवर चिठ्ठी, राजापासून सम्राटापर्यंत, एकूण एक योग्य क्रमाने लावलेल्या. खणाच्या आतल्या बाजूला माझा चार रंगांचा तक्ता चिकटवलेला होता.

"इतिहास कधी सुटला तुझा?"

"त्याच ऑक्टोबरला. चार वर्षं झाली आता. पेढे आब्बांनीच वाटले होते तिकडे." ती थोडी लाजली. "मी सात वर्षांची असताना ते गेले, ताई. दोन वर्षांनी एकदा महिनाभर येतात, आणि पाहुण्यासारखे खुर्चीत बसून राहतात. काय बोलायचं ते दोघांनाही कळत नाही. कॅसेटवर मात्र अर्धा अर्धा तास बोलतात. पास झाल्यावर मला वाटलं, आता बंद होणार. म्हणून मी एक शंका विचारली."

"आणि मग?"

"मग दर वेळी विचारते. त्यांना उत्तर देता येईल अशी शंका शोधायला फार वेळ लागतो. तुमचा तक्ता आला तेव्हा तर मी घाबरलेच होते."

"म्हणजे तुला सगळं येतं, हे त्यांना माहीत आहे?"

"असेल. मी विचारलेलं नाही. त्यांनीही नाही."

निघताना तिने उत्तराची कॅसेट दिली. तिच्या आईने सुकट दिली, कागदात बांधून.

परतल्यावर पहिल्या दिवशी दुपारी स्टोअरमध्ये गेले. परकारांनी सुकट बाजूला ठेवली, कॅसेट हातात घेतली, तिच्यावरचं अक्षर पाहिलं. मुलगी किती उंच झालीय, काय शिकतेय, यातलं काही विचारलं नाही.

"क्रम लागला का तिचा?" त्यांनी विचारलं. नजर कॅसेटवरच होती.

तोवर मी आयुष्यात एकही निष्कर्ष खोटा लिहिला नव्हता.

"नाही, काका," मी म्हटलं. "बराच गोंधळ आहे. राजा नको म्हणून एवढं रक्त सांडलं, आणि दहाबारा वर्षांत त्याच लोकांनी सम्राट कसा बसवला, हे तिला अजिबात कळलेलं नाही."

परकारांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला, पुन्हा लावला.

"व्हायलाच पाहिजे," ते म्हणाले. खणातून कोरी कॅसेट काढून त्यांनी तिच्यावरचा कागद सोडवला. "मग सुरुवातीपासून घ्यायला लागेल. बाय, जाताना तेवढं दार लोटून घे. टेपमध्ये बाहेरच्या मशीनचा आवाज येतो."

मी दार लोटलं, आणि आतल्याच बाजूला एका रिकाम्या खोक्यावर बसले.